विश्लेषण : अंगणवाडी शाळेच्या आवारात आली, तरी बाळाला दिवसभर कोण सांभाळणार?

शाळेच्या आवारात अंगणवाडी कशी भरवावी, याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केल्या. लहान मुलांना दिवसभर सांभाळण्यासाठी ‘पाळणा’ ही वेगळी योजनाही आहे. गोंदियासारख्या धान पिकवणाऱ्या आणि जंगलालगतच्या जिल्ह्यात या दोन गोष्टी एकत्र आल्या, तर रोवणीला जाणाऱ्या आईचा, तिच्या बाळाचा आणि बाळासाठी घरी थांबणाऱ्या थोरल्या बहिणीचा प्रश्न बराचसा सुटू शकतो. मात्र, त्यासाठी शाळेची एक खोली रिकामी करून देणे पुरेसे नाही. असे का, याविषयी...

नेमके काय ठरले आहे?

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालय आणि शिक्षण मंत्रालय यांनी ३ सप्टेंबर २०२५ रोजी या सूचना एकत्रितपणे प्रसिद्ध केल्या. महिला व बालविकास मंत्री अन्नपूर्णा देवी आणि शिक्षणमंत्री धर्मेंद्र प्रधान यांच्या उपस्थितीत त्या जाहीर झाल्या. देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्यांपैकी २ लाख ९० हजारांहून अधिक अंगणवाड्या त्या वेळीच शाळांच्या आवारात भरत होत्या. म्हणजे ही पद्धत नवी नाही. जागा कशी असावी, दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांनी एकमेकांशी कसे जोडून घ्यावे, हे आता लिखित स्वरूपात आले आहे.

या सूचनांचे मूळ राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आहे. या धोरणाने शिक्षणाची रचना ५+३+३+४ अशी केली. त्यातील पहिली पाच वर्षे, म्हणजे वयाच्या तिसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंतचा काळ, हा पायाभूत स्तर मानला. शाळापूर्व शिक्षणासाठी धोरणात चार मार्ग दिले आहेत : स्वतंत्र अंगणवाडी, प्राथमिक शाळेच्या आवारातील अंगणवाडी, प्राथमिक शाळेला जोडलेला पूर्वप्राथमिक वर्ग आणि स्वतंत्र पूर्वप्राथमिक शाळा. नव्या सूचना यातील दुसऱ्या मार्गाविषयी आहेत. जिथे शाळेत जागाच नाही, तिथे अंगणवाडी आहे त्या ठिकाणी ठेवून ती जवळच्या शाळेशी जोडावी, अशीही सोय त्यात आहे.

अंगणवाडी म्हणजेच पाळणाघर नव्हे का?

नाही. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. अंगणवाडीतून सहा सेवा देण्याचे तेव्हा ठरले : पूरक पोषण आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि पोषण व आरोग्य शिक्षण. मुलाला आईच्या कामाच्या वेळेत सांभाळणे ही सेवा या यादीत नाही.

त्यामुळे तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत येतात, खेळतात, गरम जेवण जेवतात आणि काही तासांनी घरी जातात. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बाळांचे तर तिथे बसणेही अपेक्षित नाही. त्यांच्या नावाचा आहार घरी नेण्यासाठी दिला जातो. वजन-उंची मोजण्यासाठी आणि लसीकरणासाठी आई त्यांना घेऊन येते आणि परत नेते.

पाळणाघराचा हिशेब निराळा असतो. आई कामावर जाताना बाळ सोपवते आणि परत आल्यावर घेते. मधल्या वेळेत त्याला भरवणे, झोपवणे, स्वच्छ ठेवणे, त्याच्याशी बोलणे-खेळणे आणि त्याच्यावर सतत नजर ठेवणे ही पाळणाघराची कामे. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत ही वेळ दिवसाला साडेसात तास आणि महिन्याला २६ दिवस अशी ठरलेली होती.

अंगणवाडी शाळेच्या आवारात आली, तरी तिची वेळ तीच राहिली आणि तीन वर्षांखालील बाळे बाहेरच राहिली, तर आईच्या दिवसात फारसा फरक पडत नाही.

गोंदियात हा प्रश्न अधिक टोकदार का?

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया हा आठ तालुक्यांचा जिल्हा आहे : गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३ लाख २२ हजार ५०७. धान हे मुख्य पीक आणि त्याच्या जोडीला मोहफूल, तेंदूपत्ता यांसारखे वनउत्पन्न. ही सारी कामे बायकांच्या हातांवर चालतात.

पावसाळ्यात पऱ्हे खणून बांधीत रोवण्याचे काम बहुतांशी स्त्रियाच करतात. चिखलात वाकून, पावसात भिजत, दिवसभर. रोवणीचे दिवस मोजके असतात. पाऊस लागला की गावभरातल्या बांध्यांवर एकाच वेळी मजूर लागतात आणि त्या दिवसांतली मजुरी सोडणे घराला परवडत नाही. नंतर निंदण, दिवाळीच्या आगेमागे कापणी, सिंचनाची सोय असलेल्या भागात उन्हाळी धानाची पुन्हा रोवणी. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफूल वेचणे आणि मे महिन्याच्या आसपास तेंदूपत्ता तोडणे.

अशा वेळी बाळाचे तीनच पर्याय उरतात. त्याला शेतावर न्यायचे आणि धुऱ्यावर, झाडाखाली ठेवायचे. किंवा घरी म्हाताऱ्या माणसांजवळ ठेवायचे. किंवा थोरल्या मुलीने शाळा बुडवून त्याला सांभाळायचे. पहिल्या पर्यायात पाऊस, साप-विंचू आणि पाण्याचा धोका आहे. दुसऱ्यात सांभाळणाऱ्याच्या प्रकृतीचा प्रश्न आहे. तिसऱ्याची किंमत ती मुलगी मोजते.

मुले सांभाळण्याचे काम कोणाच्या वाट्याला येते, हे राष्ट्रीय पातळीवरील वेळ-वापर सर्वेक्षणातूनही दिसते. २०२४ च्या सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील व्यक्तींची देखभाल करतात आणि त्यासाठी दिवसाला सरासरी १४० मिनिटे देतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के असून त्यांचा वेळ ७४ मिनिटांचा आहे.

पोषणाचाही संबंध आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के मुले कमी वजनाची आढळली. सहा महिन्यांनंतर बाळाला दिवसातून अनेकदा, थोडे थोडे भरवावे लागते. आई सकाळी बांधीवर गेली आणि संध्याकाळी आली, तर हे भरवणार कोण? घरी दिलेल्या आहाराच्या पाकिटातून त्याचे उत्तर मिळत नाही.

थोरल्या बहिणीचा शाळेशी जुना संबंध काय?

महाराष्ट्रात हा प्रश्न फार पूर्वी ओळखला गेला होता. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडला गेले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून ‘अंगणवाडी’ आकाराला आली आणि हाच शब्द पुढे देशभर रूढ झाला.

कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरी राहत होत्या. बाळाची सोय झाल्याशिवाय त्या शाळेत येणार नव्हत्या. म्हणून ‘विकासवाडी’ची रचना झाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. बहीण वर्गात, मधला भाऊ बालवाडीत आणि तान्हे पाळणाघरात.

आजच्या धोरणातील ‘एकाच आवारात’ ही कल्पना यातल्या दोन पायऱ्या जोडते : अंगणवाडी आणि शाळा. विकासवाडीतली तिसरी पायरी, म्हणजे तान्ह्या मुलांचे पाळणाघर, तिच्यात आपोआप येत नाही. ती वेगळी जोडावी लागते.

शाळेच्या आवाराचे फायदे कोणते?

पहिला फायदा जागेचा. गावोगावी जिल्हा परिषद शाळांचा पट घटला आहे. राज्यात २०२३ मध्ये समूह शाळांचा विषय पुढे आला, तेव्हा २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांची संख्या १४ हजार ७८३ सांगितली गेली होती. अशा अनेक शाळांत खोल्या रिकाम्या असतात. दुसरीकडे, समाजमंदिरात, भाड्याच्या खोलीत किंवा गळक्या इमारतीत भरणाऱ्या अंगणवाड्याही आहेत.

दुसरा फायदा सोयींचा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्रत्येक शाळेत आणि अंगणवाडीत स्वयंपाकाची, पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय असायला हवी. एकाच आवारात या सोयी असतील, तर पाण्याची टाकी, कुंपण, वीज आणि दुरुस्ती यांवर दोनदा खर्च करावा लागत नाही.

तिसरा फायदा मुलाचा. अंगणवाडीतून पहिलीत जाणारे मूल त्याच आवारात, ओळखीच्या चेहऱ्यांत राहते. गोंदियाच्या गावांत घरी झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी किंवा हिंदी बोलली जाते आणि शाळेत प्रमाण मराठीशी गाठ पडते. सेविका बहुधा गावातलीच असते आणि तिला घरची बोली येते. पहिलीचे शिक्षक आणि ती रोज भेटत असतील, तर मूल घरी कोणत्या शब्दांत बोलते, हे शिक्षकांना आधीच कळते.

चौथा फायदा कुटुंबाचा. तीन भावंडांसाठी एकच वाट आणि एकच फाटक. मोठीला वर्गात बसता येते, कारण बाळ शेजारच्या खोलीत असते.

मग अडचण कुठे येते?

सर्वांत मोठी अडचण दिवसांच्या हिशेबात आहे. एकाच फाटकाआड तीन वेगवेगळी वेळापत्रके येतात :

• प्राथमिक शाळा (पहिली ते पाचवी) : शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्षाला किमान २०० कामाचे दिवस.

• अंगणवाडीचा पूरक आहार : वर्षाला ३०० दिवस देणे अपेक्षित.

• पाळणाघर : महिन्याला २६ दिवस, म्हणजे वर्षाला ३१२ दिवस.

शाळा किमान दिवसांपेक्षा अधिक दिवस भरते, हे खरे. तरीही शाळेला सुट्टी, पण अंगणवाडी किंवा पाळणाघर सुरू, असे बरेच दिवस राहतात. गोंदियात हे दिवस नेमके महत्त्वाचे आहेत. तेंदूपत्त्याचे काम मे महिन्याच्या आसपास चालते, तेव्हा शाळेला उन्हाळी सुट्टी असते. कापणी दिवाळीच्या सुट्टीला लागून येते. त्या दिवशी फाटकाची किल्ली कोणाकडे? पाण्याचा पंप कोण सुरू करणार? स्वच्छतागृह उघडे असेल का? याचे उत्तर लेखी ठरलेले नसेल, तर मुख्याध्यापकांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्यावर शाळेच्या मालमत्तेची जबाबदारी असते आणि कुलूप लावणे हे त्यांचे कामच आहे.

दुसरी अडचण अंतराची. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत एका ग्रामपंचायतीत अनेक टोल्या असतात. शाळा मुख्य गावात आणि अंगणवाडी टोलीत असेल, तर ती शाळेत हलवल्यावर पाच वर्षांचे मूल कदाचित चालत जाईल. गरोदर बाई, बाळंतीण आणि दीड वर्षाचे मूल पावसाळ्यात नाला ओलांडून रोज जाणार नाही. अंगणात गेलेली वाडी अंगणातून उठवली, तर तिचा मूळ हेतूच मागे पडतो. म्हणून ‘सर्व अंगणवाड्या शाळेत’ असे सरसकट उद्दिष्ट ठेवणे धोक्याचे आहे.

तिसरी अडचण माणसांची. शाळेच्या आवारात बाळे आली की ‘गुरुजी-बाई आहेतच लक्ष ठेवायला’ असे गृहीत धरले जाते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करते. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढेच अपवाद आहेत. दोन शिक्षकी शाळेत पाच वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाकडे तान्ह्या मुलांची जबाबदारी देणे कायद्यात बसत नाही आणि शक्यही नाही.

चौथी अडचण बाळांच्या गरजांची. त्यांना दुपारी शांत झोप लागते. शाळेत घंटा वाजते, मधल्या सुट्टीत मोठी मुले धावतात, चूल किंवा गॅसवर खिचडी शिजते. त्यामुळे वेगळी खोली, वेगळे दार, लहान मुलांना वापरता येईल असे शौचालय आणि स्वयंपाकघरापासून सुरक्षित अंतर या किमान अटी ठरतात. आवारात विहीर किंवा उघडे टाके असेल, तर ते झाकल्याशिवाय रांगत्या मुलांना तिथे आणू नये.

पाळणाघरासाठी पैसा आणि माणसे कुठून येणार?

यासाठी ‘पाळणा’ योजना आहे. पूर्वीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेचे २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’अंतर्गत हे नवे रूप झाले. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी ही योजना आहे. तिच्यात ‘अंगणवाडी-सह-पाळणाघर’ असा प्रकार आणला गेला. अस्तित्वात असलेल्या अंगणवाडीला पाळणाघराची जोड द्यायची आणि त्यासाठी एक पाळणा सेविका व एक मदतनीस जास्तीची नेमायची. देशभरात अशा १७ हजार केंद्रांचे उद्दिष्ट ठरले. खर्च केंद्र आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांत ६०:४० प्रमाणात वाटला जातो. महाराष्ट्राने २०२५ मध्ये अशा ३४५ पाळणाघरांना मंजुरी दिली.

राज्यात एक लाख दहा हजारांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. त्या तुलनेत ३४५ म्हणजे साधारण तीनशे अंगणवाड्यांमागे एक. त्यामुळे ही केंद्रे कुठे काढायची, याची निवड महत्त्वाची ठरते. शेतमजूर आणि वनमजूर स्त्रियांची संख्या जास्त आहे, शाळेत सुरक्षित खोली आहे आणि टोली जवळ आहे, अशी गावे आधी घेतली, तर थोड्या केंद्रांचाही उपयोग होईल.

जास्तीची माणसे न देता हे काम सध्याच्या सेविकेवर टाकणे हा सोपा, पण चुकीचा मार्ग आहे. तिच्याकडे आधीच शाळापूर्व शिक्षण, आहार, वजन-उंचीच्या नोंदी, गृहभेटी आणि मोबाइलवरील ‘पोषण ट्रॅकर’ आहे. तिला पगार नव्हे, तर मानधन मिळते. मानधनवाढ आणि इतर मागण्यांसाठी राज्यातील सेविका-मदतनीस ४ डिसेंबर २०२३ पासून दीर्घ संपावर गेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ च्या निकालात त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. केंद्र सरकारच्या २०१८ च्या पाळणाघरविषयक मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती असावी, असे म्हटले आहे. तीन ते सहा वयाच्या मुलांना शिकवता शिकवता एकाच बाईने ही दहा बाळेही पाहावीत, असे त्यात कुठेही अभिप्रेत नाही.

कायद्याने आईला पाळणाघराचा हक्क नाही का?

आहे, पण सगळ्या आयांना नाही. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक केली. दुसऱ्याच्या बांधीवर रोजाने रोवणीला जाणारी बाई या व्याख्येत येत नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आली, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका मजूर स्त्रीला नेमून तिला मजुरी देण्याची तरतूद केली होती. तीही त्या योजनेच्या कामांपुरतीच.

मुलांच्या बाजूने पाहिले, तर राज्यघटनेच्या कलम ४५ नुसार सहा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचे संगोपन आणि शिक्षण यासाठी राज्याने प्रयत्न करायचे आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ मध्येही अशी व्यवस्था सरकार ‘करू शकेल’ असा उल्लेख आहे. सहा ते चौदा वयाला मिळालेला सक्तीचा हक्क सहाच्या आतल्या मुलांना नाही. म्हणूनच या वयाची सोय योजनांवर आणि स्थानिक इच्छेवर अवलंबून राहते.

इतरत्र हे कसे केले?

कर्नाटकने २०२३-२४ मध्ये ‘कूसिना मने’ (बाळाचे घर) या नावाने ग्रामपंचायत पातळीवर चार हजार पाळणाघरांची योजना जाहीर केली. ग्रामीण मजूर स्त्रियांची मुले डोळ्यांसमोर ठेवून गावातल्याच महिलांना प्रशिक्षण द्यायचे आणि गावात उपलब्ध सरकारी इमारती वापरायच्या, अशी ही रचना.

गोंदियाला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये ‘फुलवारी’चा अनुभव आहे. बिलासपूर जिल्ह्यात गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने तीन वर्षांखालील मुलांसाठी गावागावांत फुलवाऱ्या चालवल्या. गावातल्या स्त्रिया बाळांना सांभाळतात, दिवसातून अनेकदा भरवतात आणि आया शेतात-जंगलात जातात. पुढे राज्य सरकारनेही या नावाने योजना आणली. रोवणी, मोहफूल आणि तेंदूपत्त्याचे दिवस तिथेही गोंदियासारखेच असल्याने हा अनुभव जवळचा आहे.

परदेशात फ्रान्सचे उदाहरण बोलके आहे. तिथे सप्टेंबर २०१९ पासून तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचे आहे. शाळेच्या आधी आणि नंतरच्या वेळेत मुलांना शाळेच्याच आवारात सांभाळण्याची सोय असते. मात्र, ती जबाबदारी शिक्षकांची नसते. ती सहसा स्थानिक नगर प्रशासन आपल्या कर्मचाऱ्यांमार्फत पार पाडते. आवार एक, पण कामाच्या वेळा आणि जबाबदार यंत्रणा वेगळ्या. हा धडा गोंदियातही लागू पडतो.

गोंदियात कोणी काय ठरवावे लागेल?

प्राथमिक शाळा शिक्षणाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतात आणि अंगणवाड्या महिला व बालकल्याण विभागाच्या. दोन्ही विभाग जिल्हा परिषदेचेच असून दोन्हींवर मुख्य कार्यकारी अधिकारी आहेत. त्यामुळे किल्ली, पाणी, वीजबिल, सफाई आणि सुट्टीतील वापर याबाबतचे एक संयुक्त परिपत्रक जिल्हा पातळीवरच काढता येते.

गावात ग्रामपंचायतीची भूमिका मोठी आहे. स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करणे तिच्याकडून अपेक्षित असते. या पैशातून सतरंज्या, भांडी, झाकण, जाळी, लहान शौचालय यांसारख्या गोष्टी होऊ शकतात. सेविकांचे नियमित मानधन मात्र योजनेतूनच यायला हवे.

शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्यानुसार तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असतात. पण हे पालक शाळेतील मुलांचे. तान्ह्या मुलांच्या आयांचा आवाज तिथे आपोआप पोहोचत नाही. आवारात पाळणाघर येणार असेल, तर त्यांच्यातील एक-दोघींना बैठकीला बोलावणे हा सोपा उपाय आहे.

पालकांनी कोणते प्रश्न विचारावेत?

महाराष्ट्रात ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. १५ ऑगस्टपर्यंत रोवणी बरीच उरकलेली असते. त्यामुळे हा विषय १ मेच्या ग्रामसभेत घेतला, तर पावसाळ्यापूर्वी तयारीला वेळ मिळतो. तिथे पुढील प्रश्न विचारता येतील :

• आमच्या गावाची अंगणवाडी शाळेत हलणार आहे का? हलल्यास सर्वांत लांबच्या टोलीतील बाळाची आणि गरोदर बाईची सोय काय?

• तीन वर्षांखालील मुलांना तिथे दिवसभर ठेवता येईल का, की फक्त आहाराची पाकिटे मिळतील?

• केंद्र सकाळी किती वाजता उघडेल आणि किती वाजता बंद होईल? रोवणीच्या दिवसांत ही वेळ आईच्या कामाशी जुळते का?

• जास्तीची सेविका आणि मदतनीस मंजूर आहे का? नसेल, तर प्रस्ताव बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे गेला आहे का?

• उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीत फाटकाची किल्ली कोणाकडे राहील?

• विहीर, टाके, विजेच्या तारा, स्वयंपाकघर यांपासून रांगत्या मुलांना सुरक्षित ठेवण्याचे काम कोणी, कधीपर्यंत करायचे?

• मूल आजारी पडले किंवा पडले-झडले, तर आधी कोणाला फोन करायचा आणि आरोग्य उपकेंद्रापर्यंत कोण नेईल?

थोडक्यात काय?

शाळेच्या आवारात अंगणवाडी भरवायला धोरणाची आडकाठी नाही. धोरणाने ते सुचवले आहे. त्यात मुलांचा, शाळेचा आणि सरकारी पैशाचाही फायदा आहे. अंगणवाडी-सह-पाळणाघरासाठी योजनाही उपलब्ध आहे, जरी केंद्रांची संख्या अजून फार कमी असली तरी.

पण जागा हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. आईच्या कामाइतके तास, वर्षभराचे दिवस, बाळांसाठी वेगळी माणसे आणि सुट्टीतही उघडणारे फाटक, या चार गोष्टी ठरल्या तरच ते पाळणाघर होईल. नाहीतर अंगणवाडीचा पत्ता बदलेल आणि रोवणीच्या दिवशी हजेरीपटावर थोरलीच्या नावापुढे पुन्हा ‘गैरहजर’ लागेल.